‘लाइकली लेटर’ आलं नाही, म्हणजे काय समजायचं?

प्रिय ताई,

आम्ही एडिसनला राहतो. मुलगा बारावीला आहे. आवडत्या कॉलेजला त्यानं नोव्हेंबरमध्ये अर्ली डिसिजनचा (मिळालं तर तिथेच जायचं, असा) अर्ज केला होता, डिसेंबरात ‘डिफर’ झाला, म्हणजे निर्णय पुढे ढकलला. आता नऊ ठिकाणी रेग्युलरचे, म्हणजे नेहमीच्या फेरीचे अर्ज आहेत, त्यातली पाच आयव्ही लीगची. शेजारच्या मुलाला ऑक्टोबरातच ‘लाइकली लेटर’, म्हणजे प्रवेश जवळजवळ नक्की असल्याचं आगाऊ पत्र, आलं होतं. तो फेन्सिंग खेळतो, म्हणून आम्ही ते मनावर घेतलं नाही. पण परवा मंडळाच्या हळदीकुंकवाला कळलं की मंडळातल्या एका मुलीलाही तसंच पत्र आलंय, आणि ती काही खेळाडू नाही. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मुलाच्या मेलचा पासवर्ड माझ्याकडे आहे. दिवसातून दहादा बघते, त्याला माहीत नाही. एका कॉलेजची मुलाखत अर्ध्या तासाची होती, ती सव्वा तास चालली. दुसऱ्या कॉलेजनं फायनान्शियल एडची राहिलेली कागदपत्रं मागितली. घ्यायचंच नसतं तर कशाला मागितली असती? इथले एक कन्सल्टंट म्हणतात, त्यांच्या ओळखी आहेत, शब्द टाकता येईल. नाशिकला सासूबाई देव पाण्यात घालून बसल्या आहेत, दर रविवारी विचारतात, ‘लागला का निकाल?’ (रटगर्सला, म्हणजे इथल्या सरकारी विद्यापीठाला, जानेवारीत झालंय, पण ते काही धरत नाही.) अजून पत्र नाही, म्हणजे आशा सोडायची का? कॉलेजला फोन करून विचारू का?

– एक आई, एडिसन, न्यू जर्सी

*

प्रिय ताई,

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. पत्र आलं नाही म्हणून आशा सोडायचं काहीही कारण नाही. आणि फोन करायचा नाही, तुम्ही तर नाहीच. आता का, ते सांगते.

मी न्यू जर्सीतल्याच एका सरकारी शाळेत सोळा वर्षं समुपदेशक होते. फेब्रुवारी लागला की माझ्या खोलीबाहेरच्या खुर्च्यांवर मुलांपेक्षा पालकच जास्त दिसायचे. हातातला फोन माझ्यापुढे धरून विचारायचे, “मॅडम, ह्याचा अर्थ काय?” त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला त्या खुर्च्या आठवल्या.

लाइकली लेटर हे काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्या, म्हणजे निम्मी धडधड कमी होईल. आयव्ही लीग हे नाव आपण हुशारीचा शिक्का म्हणून घेतो, पण मुळात ती १९५४ साली औपचारिकपणे उभी राहिलेली आठ विद्यापीठांची क्रीडा-संघटना आहे. खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही, असं या आठ जणांनी ठरवलेलं. बाकीची मोठी विद्यापीठं मात्र चांगल्या खेळाडूला बारावीच्या नोव्हेंबरातच शिष्यवृत्तीचा आकडा दाखवून करारावर सही घ्यायची. मग कॉर्नेलला किंवा येलला हव्या असलेल्या मुलीनं मार्चअखेरपर्यंत कशाच्या भरवशावर थांबायचं? हातची शिष्यवृत्ती सोडून? त्यावर त्यांनी हा तोडगा काढला. अर्ज पूर्ण आला असेल, प्रवेश कार्यालयानं तो वाचून ठरवलेलं असेल, तर १ ऑक्टोबरपासून पुढे ते कार्यालय लेखी कळवू शकतं की तुमचा प्रवेश होण्याची दाट शक्यता आहे, अभ्यास असाच चालू ठेवा, औपचारिक पत्र ठरल्या दिवशी येईल. भाषा ‘शक्यते’ची असली तरी व्यवहारात तो होकारच असतो. मार्क ढासळले किंवा वागणुकीचं काही गंभीर निघालं, तरच तो मागे घेतला जातो.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ‘मुलगी पसंत आहे, बैठक मागाहून करू’ असा तो निरोप. कॉलेज शब्दानं बांधलं जातं, मुलगा बांधला जात नाही. त्याला १ मेपर्यंत कुठेही हो म्हणायची मोकळीक असते. तुमच्या मुलानं नोव्हेंबरात केला तो अर्ली डिसिजन बरोबर ह्याच्या उलटा होता. तिथे मुलगा बांधला जातो. आणि ‘डिफर’ म्हणजे आपल्या ओळखीचं ‘कळवतो’. होकार नाही, नकारही नाही. मात्र डिफर झाल्याबरोबर मुलावरचं बंधनही सुटतं, हे त्याला सांगितलंय ना? पुढे तिथून होकार आला तरी तिथेच जायची सक्ती आता त्याच्यावर नाही. पुष्कळ मुलांना हे ठाऊक नसतं आणि ती उगीच त्या ओझ्याखाली राहतात.

शेजारच्या फेन्सरचं पत्र ह्या वाटेनं आलं. ह्या वाटेवर आपली भारतातली मुलंही आहेत. मुंबईचा वीर चोत्रानी स्क्वॉश खेळत कॉर्नेलला गेला, त्याआधी रमित टंडन कोलंबियात खेळला. मुंबई-पुण्याच्या स्क्वॉशपटूंचे पालक मला अधूनमधून लिहितात, त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. कोचचा शब्द म्हणजे प्रवेश नव्हे. कोच म्हणतो ‘तू आमच्या यादीत आहेस’, ‘मी तुझ्यामागे उभा आहे’, आणि बहुतेकदा ते मनापासून म्हणतो. पण आयव्हीत कोच प्रवेश देऊ शकत नाही. तो फक्त शिफारस करतो. प्रवेश कार्यालयाचं लेखी पत्र हातात पडेपर्यंत बाकीचे दरवाजे लावून घेऊ नका.

आता मंडळातल्या मुलीचं. खेळाडू नसलेल्या मोजक्या मुलांनाही अशी पत्रं जातात, साधारण फेब्रुवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत. कुणी गणितात असामान्य असतं, कुणाचं संशोधन, कुणाचं वाद्य. ह्या मुलीचं काय आहे ते मला माहीत नाही. पण कॉलेज असं पत्र का पाठवतं, ते मला माहीत आहे. ह्या मुलीला चार ठिकाणांहून बोलावणं येणार, ती दुसरीकडे जाईल, अशी धाकधूक कॉलेजला वाटते. म्हणून ते सगळ्यांच्या आधी मागणी घालतं. म्हणजे त्या पत्रात मुलीचं कौतुक आहेच, पण कॉलेजची स्वतःची गरजही तेवढीच आहे. ज्या मुलाला घ्यायचं कॉलेजनं मनात पक्कं केलंय, पण तो हातचा जाईल अशी भीती नाही, त्याला ते पत्र धाडत बसत नाही. तो मार्चअखेरच्या निकालात इतरांसोबत येतो. खेळाडू वगळले तर आयव्हीत प्रवेश मिळालेल्या बहुतेक मुलांना असलं पत्र कधी आलेलंच नसतं. माझ्या सोळा वर्षांत प्रिन्स्टनला, पेनला, ब्राउनला गेलेली जी मुलं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचं पहिलं आणि एकमेव पत्र निकालाच्या संध्याकाळचं.

म्हणून, पत्र आलं तर त्याला अर्थ आहे. आलं नाही तर त्याला काहीच अर्थ नाही. वाईट अर्थ नाही, चांगलाही नाही. हे पचवायला अवघड जातं, मला कल्पना आहे. एमआयटी तर लाइकली लेटर पाठवतच नाही, रेग्युलरचा निकाल १४ मार्चच्या सुमारास एकदम लावते. तिथल्या मुलांच्या आयांनी फेब्रुवारीत काय वाचायचं?

काही ठिकाणी हाच निरोप वेगळ्या वाटेनं येतो, तेही सांगते, म्हणजे खरा निरोप आला तर ओळखता येईल. छोटी लिबरल आर्ट्‌स कॉलेजं त्याला ‘अर्ली राइट’ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत काही मुलांना निकालाआधीच रीजेंट्स अँड चॅन्सेलर्स शिष्यवृत्तीसाठी बोलावणं येतं, आणि तो होकाराचाच संकेत मानतात. ह्या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. खरा निरोप असला की तो स्पष्ट शब्दांत लिहिलेला असतो. त्याचा अर्थ लावत बसावं लागत नाही.

आणि तुम्ही जे लिहिलंय, त्यातल्या प्रत्येक गोष्टीचा तुम्हाला अर्थ लावावा लागतोय. मुलाखत सव्वा तास चालली. ताई, त्या मुलाखती बहुतेक ठिकाणी कॉलेजचे माजी विद्यार्थी घेतात, आपली नोकरी सांभाळून, फुकट. त्यांच्यापुढे मुलाचा पूर्ण अर्ज नसतो, निर्णय त्यांच्या हातात नसतो. कुणाला मुलाखत मिळते, हे बऱ्याचदा त्या भागात किती माजी विद्यार्थी मोकळे आहेत त्यावर ठरतं. सव्वा तास चालली म्हणजे दोघांच्या गप्पा रंगल्या. तुमचा मुलगा अनोळखी मोठ्या माणसाशी सव्वा तास रंगून बोलू शकतो, ह्याचा आनंद जरूर माना. पुढचं काही त्यात शोधू नका.

फायनान्शियल एडची कागदपत्रं वेगळं कार्यालय मागतं. मदतीचा अर्ज करणाऱ्या कुणाचाही टॅक्स रिटर्न राहिला की मेल जातो, मुलगा होकारात आहे की नकारात, हे त्या कार्यालयाला ठाऊकही नसतं. मधल्या सत्राचे मार्क मागणं, तेही सगळ्यांकडून. घरी येणारी चकचकीत माहितीपत्रकं तर मुळीच धरू नका. पीएसएटी-एसएटी ह्या प्रवेशाच्या चाचण्यांच्या वेळी मुलं जी माहिती भरतात, त्यावरून त्या चाचण्या घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून नावं विकत घेऊन ती हजारोंना पाठवली जातात.

बरं, प्रत्यक्ष ‘अभिनंदन’ लिहिलेला मेलसुद्धा चुकीचा निघालेला आहे. २००९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेनं नकार दिलेल्या २८ हजारांहून जास्त मुलांना ‘तुमचं स्वागत’ असा मेल पाठवला. जॉन्स हॉपकिन्सनं डिसेंबर २०१४ मध्ये जवळजवळ तीनशे मुलांना तसाच मेल धाडला, त्यांतल्या काहींना नकार होता, काही तुमच्या मुलासारखे डिफर होते. पुढच्याच फेब्रुवारीत कार्नेगी मेलननं कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सच्या सुमारे आठशे अर्जदारांना प्रवेश कळवला आणि काही तासांत मागे घेतला. ज्या घरांत पेढे वाटून झाले असतील, त्या घरांतली ती संध्याकाळ मला आजही डोळ्यांपुढे येते. मी हे घाबरवायला सांगत नाही. एवढ्यासाठी सांगते, की जिथे कॉलेजचा स्वतःचा मेल फसवा ठरतो, तिथे मुलाखतीचे मिनिट मोजून काय हाती लागणार?

तुम्हाला आणि तुमच्या मिस्टरांना हे असं का होतंय, ते मला कळतं. आपण कट-ऑफवर वाढलेली माणसं. माझी बारावी १९८८ची. सीईटी नव्हती, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सची बेरीज हेच सगळं. सांगलीला नोटिसबोर्डापुढे पावसात, एका छत्रीखाली आम्ही तिघी उभ्या होतो. वडील पुढे होऊन काचेवरून बोट खाली खाली नेत होते. यादी टाइप केलेली, शाई पुसट, आणि त्यांचं बोट थांबलं तेव्हा मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं. पण खरं सांगायचं तर आम्हाला घरूनच माहीत होतं. गेल्या वर्षी यादी कुठे बंद झाली ते ठाऊक होतं, आपली बेरीज ठाऊक होती, चार मार्कांचं अंतर होतं. नोटिसबोर्डावर फक्त शिक्कामोर्तब झालं. इथे तो आकडाच नाही. हार्वर्डला २०२४च्या निकालात ५४,००८ अर्ज होते, घेतले १,९३७. नकार मिळालेल्यांत सगळीकडे ए मिळवलेली मुलं हजारोंनी असणार. असा आकडा नसला की आपलं मन दुसरं काहीतरी मोजायला लागतं, मुलाखतीची मिनिटं, मेलची वेळ, पोर्टलचा रंग. लहानपणी कावळा ओरडला की आई म्हणायची, पाहुणा येणार. तो आलाच नाही तर संध्याकाळपर्यंत आपण विसरून जायचो. इथे मार्चपर्यंत विसरायला मिळत नाही.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत जास्त टोचलेली गोष्ट. पासवर्ड.

माझी मुलगी बारावीत होती, तेव्हा मीही हेच केलं. मी समुपदेशक, इतरांना शहाणपण सांगणारी, आणि पहाटे साडेपाचला उठून स्वयंपाकघरात अंधारात तिचा मेल उघडायची. मला वाटायचं तिला कळत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री ती वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होती, मी घड्या घालत होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “आई, न वाचलेला मेल ठळक अक्षरात दिसतो. माझे सगळे मेल सकाळी साधे दिसतात.” बस, एवढंच. आवाज चढला नाही, भांडण नाही. हातातला तिचा शाळेचा स्वेटर मी तसाच धरून उभी राहिले. तिला दोन महिने माहीत होतं. दोन महिने ती रोज सकाळी आपल्याआधी आईनं बघितलेल्या मेलपेटीत स्वतःचं भविष्य बघत होती, आणि माझ्या चेहऱ्यावरून ओळखत होती की आज काही आलेलं नाही.

त्या वर्षी तिला काय मिळालं, ते इथे सांगत नाही, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. पण तिच्या त्या सकाळी तिला परत देता आल्या तर मी काहीही देईन.

तुमच्या मुलाला माहीत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं त्याला माहीत असावं. नसेल तर आज त्याला सांगा. स्पष्टीकरण देऊ नका, ‘तुझ्या काळजीपोटी’ वगैरे नको. मी बघत होते, चुकलं, आता तू पासवर्ड बदल, एवढंच म्हणा. तो चिडेल, कदाचित बोलणार नाही एक-दोन दिवस. चालेल. मार्चअखेरीस आयव्हीचे निकाल एकाच दिवशी लागतात, बहुधा संध्याकाळी सातला. तो दिवस त्याचा आहे. त्याला खोलीत एकट्यानं उघडायचं असेल तर एकट्यानं उघडू द्या. तुम्ही दोघं बाहेर बसा, पोळ्या लाटा, काहीही करा. दार उघडून तो बाहेर येईल तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर निकाल वाचायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

करण्यासारखं एक काम मात्र खरंच आहे, आणि ते त्याचं आहे. डिफर केलेल्या कॉलेजला त्यानं एक पत्र लिहावं, अजून पाठवलं नसेल तर. एक पान पुरे. मला अजूनही इथेच यायचं आहे, नोव्हेंबरनंतर माझ्याकडे नवीन काय घडलं, बस. नवीन म्हणजे खरोखर नवीन. पहिल्या सत्राचे मार्क, एखादा प्रकल्प पूर्ण झाला, नोकरीत जबाबदारी वाढली, घरात आजीच्या आजारपणात त्यानं काय केलं, असं काहीही चालतं. अर्जातलंच पुन्हा उगाळायचं नाही, विनवण्या नाहीत. हे पत्र त्याच्या भाषेत असू द्या, तुमचा हात त्याला लागला की प्रवेश कार्यालयातल्या माणसाला दुसऱ्या वाक्यात कळतं. काही कॉलेजं पोर्टलवर त्यासाठी ठरावीक जागा देतात, काही स्पष्ट सांगतात की जास्तीचं काही पाठवू नका. तसं सांगितलं असेल तर पाठवायचं नाही. एकदा पाठवलं की झालं, दर आठवड्याला आठवण नको. आणि कॉलेजकडून काही जाणून घ्यायचंच असेल तर शाळेच्या समुपदेशकानं विचारावं. पालकाचा फोन तिथे मदतीला येत नाही. फोन उचलणारी मुलगी तुम्हाला गोड बोलून ठेवून देईल, आणि तुम्ही पुढचे चार दिवस तिच्या गोड बोलण्याचा अर्थ लावत बसाल.

दुसरं, मुलाची वर्गातली गाडी रुळावर राहू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची मुलं सैल पडतात, आणि लाइकली लेटर असो वा पक्का होकार, शेवटचे मार्क ढासळले तर कॉलेज विचारणा करतं. कधीकधी प्रवेश काढूनही घेतं.

कन्सल्टंटबद्दल मी मवाळ शब्दांत लिहिणार नाही. ‘शब्द टाकतो’ म्हणणाऱ्या माणसाला घरातून वाट दाखवा. मार्च २०१९ मध्ये बॉस्टनच्या सरकारी वकिलांनी रिक सिंगर नावाच्या सल्लागाराचं जाळं उघडं केलं. त्याची वाट हीच होती, कोचेसना पैसे चारायचे आणि ज्या मुलांनी कधी तो खेळ खेळलेला नाही त्यांना खेळाडू म्हणून यादीत घुसवायचं. जानेवारी २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याकडे गेलेले बरेच आईबापही तुरुंगात जाऊन आले. तुमचे कन्सल्टंट एवढं काही करत नसतील, बहुधा नुसते पैसे घेतील आणि काहीच करणार नाहीत. मुलाला आपोआप प्रवेश मिळाला तर ‘बघा, केलं ना’ म्हणतील. ते तर आणखीनच वाईट, कारण मुलाच्या चार वर्षांच्या मेहनतीवर दुसऱ्याचं नाव लागेल. मुलाला त्यांच्या नावाची कुणकुण लागण्याआधीच त्यांना नाही म्हणा.

आता येते कंसातल्या ओळीकडे. ‘रटगर्सला जानेवारीत झालंय, पण ते काही धरत नाही.’

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात शेजारच्या मुलाला दोन ओळी मिळाल्या, मंडळातल्या मुलीला मिळाल्या, तुमच्या मुलाला मिळालेल्या खऱ्याखुऱ्या प्रवेशाला एक ओळ मिळाली, तीही कंसात. लवकर आलेला होकार, लवकर आलेला होकार म्हणून तुम्ही जे शोधताय ते जानेवारीत तुमच्या घरी आलेलं आहे. त्यात ‘शक्यता’ हा शब्दसुद्धा नाही. ते पत्र आलं त्या संध्याकाळी घरात काय झालं? गोड काही केलं का? मुलानं ते कुणाला दाखवलं? तुम्ही ‘धरत नाही’ म्हणालात तेव्हा तो खोलीत होता का? मला हे विचारावंसं वाटतं, कारण माझ्या खोलीबाहेरच्या खुर्च्यांवर बसलेली मुलं आयव्हीच्या नकारानं मोडलेली मी फार कमी पाहिली. स्वतःच्या घरात ‘हे मोजायचं नाही’ असं ऐकलेली मात्र पुष्कळ पाहिली, आणि त्यांतली काही आपला होकार पालकांना सांगायलाच घाबरायची.

रटगर्स म्हणजे काही कुठल्या गल्लीतला क्लास नाही. १७६६ सालचं ते कॉलेज, अमेरिका देश व्हायच्या आधीचं. १९४३ साली तिथल्याच प्रयोगशाळेत सेलमन वॅक्समन आणि अल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन शोधलं, १९५२ मध्ये वॅक्समनना नोबेल मिळालं. क्षय बरा करणारं पहिलं औषध ते. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ क्षयानं गेला, त्या औषधाच्या आधी. त्यांचीच मुलगी, माझी मोठी चुलत आत्या, मिरजेला चार महिने इंजेक्शनं घेऊन घरी आली, आणि पुढे पंचाहत्तरी बघून गेली. आमच्या घरात त्या इंजेक्शनाचं नाव देवाच्या नावासारखं घेतलं जायचं. तुमच्या सासूबाईंना विचारा, त्यांना स्ट्रेप्टोमायसिन माहीत असेल. नातू जिथे प्रवेश मिळवून बसलाय तिथून ते आलं, हे त्यांना माहीत नसेल.

आणखी एक व्यवहाराचं. न्यू जर्सीच्या रहिवाशांना रटगर्सची फी खासगी कॉलेजच्या मानानं पुष्कळ कमी पडते. मार्चअखेरीस आणखी होकार आले तर प्रत्येकाच्या मदतीच्या पत्राशेजारी रटगर्सचं पत्र ठेवा, आकडे समोरासमोर मांडा, मुलाला बसवा. १ मेपर्यंत वेळ आहे. आणि आणखी एकही आला नाही, तरी ऑगस्टमध्ये गाडीत गाद्या-उशा भरून त्याला न्यू ब्रन्सविकला सोडायला तुम्ही जाणार आहात. एडिसनहून वीस मिनिटं. तो दिवस आनंदाचा असावा, असं मला फार वाटतं.

सासूबाईंना तुम्ही रटगर्सचं सांगितलेलंच दिसत नाही. सांगितलं असतं तर त्या दर रविवारी ‘लागला का निकाल’ म्हणून कशाला विचारत्या? नाशिकला देव अजून पाण्यात आहेत, थंडीचे दिवस. येत्या रविवारी फोन लावा, पण बोलू द्या मुलाला. त्यानं स्वतः सांगू दे, “आजी, माझं कॉलेज झालं.” मग त्या देव काढून पुसून जागेवर ठेवतील, आणि कोपऱ्यावरून पेढे आणायला कुणालातरी पिटाळतील. तुम्हीही एडिसनच्या दुकानातून पाव किलो आणा. मंडळात न्या, त्या मुलीच्या आईलाही द्या.

– तुमची ताई